एका चुलीचा शोधनिबंध

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळी

शोधनिबंधाला आज सुरुवात केली. म्हणजे खुर्ची आणली. फिरणारी आहे. पाठीला आधार असल्याशिवाय समाजशास्त्र लिहिता येत नाही.

चर्चासत्र १४ फेब्रुवारीला. एम.ए.च्या विद्यार्थ्यांपैकी तिघांचेच पेपर घेणार. अभ्यासकेंद्रावरच्या आमच्या गाइड यशोधरा मॅडम म्हणाल्या, भगवानराव, जनगणनेचे आकडे घ्या आणि विषय छोटा ठेवा. छोटाच ठेवला होता. 'ठाणे जिल्ह्यातील कुटुंब : काल, आज आणि उद्या.' मॅडमनी 'उद्या' काढायला लावला. जनगणनेत उद्याचे आकडे नसतात म्हणे. मग 'काल' काढला. मग जिल्हाही काढला. आता उरले अंबरनाथ आणि उल्हासनगर हे दोन तालुके आणि मी.

पुढेमागे कोणी चरित्र लिहिलं तर त्याला शोधाशोध नको म्हणून नोंदवतो. जन्म बुवापाडा, अंबरनाथ. नववी नापास. कंपनीत हेल्पर. आज उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये स्वतःचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. अंबरनाथला स्वतःचा बंगला, खाली एक मजला, वर एक. (बंगला मीच म्हणतो. बाकीचे घर म्हणतात.) बारावी बाहेरून, बी.ए. मुक्त विद्यापीठातून, एम.ए. चालू. मोटर नुसती ऐकून सांगतो, बेअरिंग गेलंय की बुश. कान हीच माझी पहिली डिग्री.

संकल्प : रोज पहाटे पाचला उठून दोन पानं. काहीही होवो.

३ नोव्हेंबर

पाचला उठलो. टाकीचा पंप लावला तर आवाजात खर्र असा बारीक सूर. दुसऱ्या कोणाला ऐकूही आला नसता. खोलून बसलो. नऊ वाजले. पंप आता लोण्यासारखा चालतो. पानं उद्या.

४ नोव्हेंबर

पंप पुन्हा ऐकला. उत्तम. पानं नाहीत, पण मन प्रसन्न.

७ नोव्हेंबर, दुपारी, दुकानात

सापडली! जनगणनेतली कुटुंबाची व्याख्या. एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. रक्ताचं नातं असो नसो. छप्पर एक पण चुली दोन, तर कुटुंबं दोन. वाचून खुर्चीतून उभा राहिलो.

हे मी लग्न झाल्यापासून सांगतोय. महेंद्रच्या लग्नाआधी वरचा मजला चढवला तेव्हा गवंडी हिंदुरावला स्पष्ट बजावलं होतं, वर हॉल कर, बेडरूम कर, बाल्कनी कर, पण ओटा नको. हिंदुराव म्हणाला, साहेब, ओटा नसलेला मजला भाड्याने जात नाही. म्हटलं, भाड्याने द्यायचाच नाहीये, त्यात माझा मुलगा आणि सून राहणार आणि जेवायला खाली येणार. द्रौपदीने तेवढा एका कोपऱ्यात नळाचा पॉइंट आणि सांडपाण्याचा पाइप ठेवून घेतला. वॉशिंग मशीन वर नेईन म्हणाली. लग्नाला तीन वर्षं झाली, मशीन अजून खालीच. बायकोचं प्लॅनिंग हे असं.

गृहीतक लिहून टाकलं : ज्या घरात कर्तबगार कुटुंबप्रमुख असतो, तिथे चूल एकच राहते.

१२ नोव्हेंबर

आकडे २०११चेच आहेत. त्यानंतरची जनगणना अजून व्हायची आहे. ती व्हायच्या आत पेपर यायला हवा, नाहीतर शिळ्या कढीला ऊत असं लोक म्हणतील. फाइल उतरवली. ठाणे जिल्हा उघडला तर आत डहाणू, जव्हार, मोखाडा. वाटलं, फाइल बिघडली. डिलीट करून पुन्हा उतरवली. पुन्हा डहाणू. दुपारभर डहाणूशी झगडलो. रात्री सून माया ऑफिसातून आली. म्हणाली, पप्पा, तेव्हा पालघर जिल्हा वेगळा झाला नव्हता ना, ठाण्यातच होता तो. आणि आपले दोन तालुके वेगळे काढून दिले. पायातल्या चपला न काढता.

जिल्हेसुद्धा फुटतात. माझा मुद्दा हाच. एकत्र धरून ठेवणारा माणूस नसला की फुटणारच.

१६ नोव्हेंबर, रविवार

आमच्या घराची शिस्त पेपरात उदाहरण म्हणून द्यावी असं वाटू लागलंय. रात्रीचं जेवण बरोबर साडेआठला, सगळ्यांनी एकत्र. माया ऐरोलीहून नऊला पोहोचते, त्यामुळे आम्ही थांबत नाही, पण तिचं ताट झाकून ठेवतो. म्हणजे एकत्रच. एकत्रपणा भावनेत असतो, घड्याळात नाही.

आज सुट्टी म्हणून आमटी मायाने केली होती. तिला प्रेमाने सुचवलं की गूळ जरा जास्त झाला आणि फोडणी द्रौपदीसारखी बसली नाही. शांतपणे ऐकून घेतलं. गुणी मुलगी. वर गेल्यावर दार जरा जोरात लागलं. वारा.

२३ नोव्हेंबर, रविवार

लोकांचं बोलणं ऐकायची मला सवय नाही, पण कानांना झाकण नसतं. महेंद्र बाल्कनीत फोनवर बोलत होता आणि मी खाली गाडी पुसत होतो. ऐकू आलं ते असं : हेंद्रेपाडा. बदलापूर वेस्ट. रविवारी दोघं येतो बघायला. नाही, पप्पांना अजून नाही सांगितलं.

डोळ्यांत पाणी आलं. पोरगं बापाच्या पेपरसाठी बदलापुरात जाऊन पाहणी करणार, आणि तेही गुपचूप, सरप्राइज म्हणून. मी ऐकलंय असं अजिबात दाखवणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी

दोघं बदलापूरहून आले. मी सहज विचारावं तसं विचारलं, काय काय पाहिलं? महेंद्र एकदम खोकायला लागला. मायाने मात्र व्यवस्थित माहिती दिली. अशी विद्यार्थिनी मॅडमनाही मिळायची नाही. किचन आठ बाय सात. खिडकी पूर्वेला. ओटा तेहतीस इंच उंच, म्हणजे कंबर दुखत नाही. ग्रॅनाइट काळा, सिंक उजव्या हाताला. मी सगळं लिहून घेतलं. शेवटी मुख्य प्रश्न विचारला, त्या घरात माणसं किती? माया महेंद्रकडे बघायला लागली. महेंद्र म्हणाला, सध्या दोन.

सरासरी दोन! बदलापुरात कुटुंब कुठवर आक्रसलंय बघा.

द्रौपदी त्या वेळी भात वाढत होती. डाव हातातच राहिला तिचा. तिलाही आकड्याचा धक्का बसला असावा.

६ डिसेंबर

दादरला जाऊन आलो, सगळे एकत्र. आज लिखाण नाही, आणि याला सबब म्हणत नाहीत.

१३ डिसेंबर, शनिवार

सरकारने माणसं घरोघर पाठवून जे मोजलं, ते मी नुसत्या कानाने मोजतो. आजपासून या शोधाला 'कुकर-पद्धत' म्हणायचं. संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात उभं राहायचं आणि शिट्ट्या ऐकायच्या. प्रत्येक कुकरचा गळा वेगळा असतो. जुन्या रिंगवाला आधी फुसफुसतो, लाजतो, मग ओरडतो. नव्या रिंगवाला एकदम तोंड उघडतो. जितके गळे तितक्या चुली. जितक्या चुली तितकी कुटुंबं.

पहिला प्रयोग परसराम सिंध्याच्या घरी. माझ्या दुकानाशेजारी त्याचं पडद्याच्या कापडाचं दुकान, वर घर. तीन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं आणि अम्मा. हमारा सब एकसाथ है, असं तो वीस वर्षं छाती फुगवून सांगतो. जिन्यात उभा राहिलो. तीन गळे! तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने वॉचमनला बोलावलं, हा माणूस कोणाचा गॅस हुंगतोय म्हणून. वॉचमन ओळखीचा निघाला. त्याच्या टेबलफॅनचं कॉइल मीच भरलेलं.

परसरामला गाठलं. म्हटलं, साईं, चुली तीन आहेत. हसला. म्हणाला, साईं, अम्मा पूछे तो एक, गॅसवाला पूछे तो तीन, और तुम पूछो तो पहले चाय पियो. वर अम्माने माझ्यासाठी डबा भरून साई भाजी, त्यांची पालक-डाळीची, दिली.

माणूस स्वतःच्या घराबाबत किती बहिरा असू शकतो! पेपरात वेगळा परिच्छेद.

१५ डिसेंबर

द्रौपदीने परसरामचा डबा धुऊन त्यात शेंगदाण्याची चटणी भरून माझ्याजवळ दिली. दुसऱ्याच्या घरचं भांडं ती रिकामं परत पाठवत नाही. म्हटलं, अगं रोजचाच शेजारी आहे. म्हणाली, शेजारी आहे म्हणूनच.

२० डिसेंबर

मॅडमना सारांश दाखवला. 'कर्तबगार कुटुंबप्रमुख' याभोवती लाल गोल करून विचारलं, पुरावा? म्हटलं, मॅडम, पुरावा तुमच्यासमोर बसलाय. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाल्या, ठीक आहे, एखाद्या घराचा बारकाईने अभ्यास जोडा, पण भगवानराव, जे दिसेल ते लिहा हं. आमचंच घर घेतलं. नाव दिलं 'कुटुंब क्र. १'. दुसरं कुटुंब शोधलेलं नाही, पण क्रमांक दिला की शास्त्रीय वाटतं.

तिघांमध्ये माझा पेपर घेतलाय! घरी पेढे. द्रौपदी म्हणाली, आधी लिहा तरी.

२७ डिसेंबर

मायाने वर इंडक्शनची शेगडी आणली. कुटुंब क्र. १चा निरीक्षक म्हणून चौकशी केली. चहापुरती आहे पप्पा, म्हणाली, सकाळी आईंना उगाच उठवायला नको. द्रौपदी मध्येच म्हणाली, मला काही त्रास नाही बाई, पण असू दे, असू दे. चहा हे जेवण नव्हे. व्याख्येला धक्का नाही.

२ जानेवारी

नव्या वर्षाचा संकल्प : रोज चार पानं, म्हणजे मागचंही भरून निघेल. आतापर्यंत झालेलं काम : शीर्षक, ऋणनिर्देश, अर्पणपत्रिका. ऋणनिर्देश तीन पानी झालाय. कुणाचं नाव काढावं कळत नाही.

६ जानेवारी

वरून मॅगीचा वास. मॅगी हे जेवण नव्हे.

९ जानेवारी

अंडी. उकडलेलं अंडं हा नाश्ता समजावा. तळटीप देणे.

११ जानेवारी, रविवार

दोघं पुन्हा हेंद्रेपाड्याला. हा चौथा रविवार. महेंद्रला प्रेमाने सांगितलं, पुरे आता, एकाच इमारतीचा एवढा अभ्यास नको, थोडा कात्रपलाही जा. तो म्हणाला, पप्पा, आम्हाला हीच आवडलीय. संशोधकाने विषयाच्या असं प्रेमात पडू नये. पण बोललो नाही. नवीन आहेत.

जेवणात वरणभात, वांगं. मीठ कमी. सांगितलं. द्रौपदीने बरणी आणून माझ्या पानाशेजारी आपटली. बरणी जड आहे ती.

१८ जानेवारी, रविवार

तो सर्व्हे नव्हताच.

पोरं बाहेर पडल्यावर द्रौपदी माझ्या फिरत्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसली. म्हणाली, अहो, मी वाट बघत होते, आज कळेल, उद्या कळेल. कसला सर्व्हे हो? पोरं घर बघतायत स्वतःसाठी. महिनाअखेरीला टोकन देणार. अख्ख्या गल्लीला माहीत झालं. एवढे तुमचे कान, कॅम्प तीनमधली मोटर खराब झाली की तुम्हाला इथे ऐकू येते, आणि डोक्यावर काय चाललंय ते नाही?

मी म्हणालो, मला सगळं माहीत होतं.

मग तिला ओट्याची उंची कशाला विचारत होतात, म्हणाली.

हा प्रश्न गैरलागू होता.

आज पंप ऐकला नाही.

१९ जानेवारी

दुकानात लक्ष नाही. परसरामने विचारलं, साईं, तबियत? म्हटलं, बदलापूर. दोन्ही दुकानांसाठी चहा त्यानेच मागवला.

महेंद्र चालायला शिकला तो याच घराच्या जोत्यावर. तेव्हा नुसत्या भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हतं. असो. हे पेपरात बसत नाही.

२० जानेवारी

हातपाय गाळून बसणारा मी नव्हे. योजना :
रविवारी कुटुंबाची बैठक. त्यात माझं भाषण. मुद्दे आठ. भावनिक काही नाही, सगळं आकडेवारीवर. ऐकून दोघं स्वतःच म्हणतील, पप्पा, आम्ही चुकलो.

२३ जानेवारी

ऐतिहासिक निर्णय जाहीर केला. आजपासून रात्रीचं जेवण नऊला, मायासाठी. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भारावले असतील. पावणेनऊला पोटात जळजळायला लागलं म्हणून मी थोडं आधी जेवून घेतलं, ताटातलं चाखून बघायला. माया आली तेव्हा ताट झाकलेलंच होतं.

२५ जानेवारी, रविवार

बैठक झाली. पहिला मुद्दा जिल्हा-विभाजनाचा घेतला म्हणजे पार्श्वभूमी तयार होईल. पालघरपासून निघालो. डहाणूला पोहोचेपर्यंत महेंद्रला फोन आला. जव्हारला माया म्हणाली, पप्पा, मी एक बोलू? म्हटलं, शेवटी प्रश्नोत्तरं आहेत. ती थांबली. मोखाड्यानंतर मी स्वतःच मुद्दे विसरलो.

मग ती बोलली. मला वाटलं होतं भांडेल. ती एवढंच म्हणाली की पप्पा, तुम्ही वाईट नाही आहात. पण मला दमून आल्यावर झाकलेलं ताट नको असतं. मला वाटतं, गरम गरम दोन पोळ्या आपल्या हाताने कराव्यात, जळल्या तर जळल्या, कुणी काही बोलू नये. बस.

मी म्हणालो, पण मी कधी बोललो?

तिघांनीही माझ्याकडे बघितलं. भाषणाचे उरलेले सात मुद्दे जपून ठेवलेत.

२७ जानेवारी

महेंद्रला दुकानात बोलावून मधला मार्ग सुचवला. म्हटलं, जायचं तर जा, पण १४ फेब्रुवारीपर्यंत थांबा. पेपर वाचून होईस्तोवर चूल एक राहू दे, मग तुमची मर्जी. त्याने समोरच्या खोललेल्या पंख्याचं पातं बोटाने फिरवलं. म्हणाला, पप्पा, बिल्डर तुमच्या पेपरसाठी थांबेल का? आणि मग हळूच म्हणाला, मला पण नाही जायचंय हो. पण रोज रात्री तिचं तोंड बघवत नाही.

त्याच्या आवाजात तो सूर होता. बेअरिंग जायच्या आधी येतो तो. हा मला आधी कसा ऐकू आला नाही?

२८ जानेवारी

द्रौपदीने तोडगा काढला. वर ओटा घाला. पॉइंट आहे, पाइप आहे. पोरं घरातच राहतील, फक्त आपलं आपण रांधतील.

मी म्हणालो, अशक्य. चुली दोन म्हणजे कुटुंबं दोन. सरकारी व्याख्या आहे. पेपरात काय सांगू? कुटुंब क्र. १ मोडलं?

म्हणाली, व्याख्या गेली खड्ड्यात. चूल वर गेली तर मध्ये एक जिना. बदलापूरला गेली तर मध्ये एक स्टेशन. तुम्ही आकडेवाले ना? कमी कुठलं ते सांगा.

मी पेन शोधू लागलो. मग ती म्हणाली की मलाही जरा दोघांपुरता स्वयंपाक करू द्या आता. तीस वर्षं तुमच्या साडेआठच्या पाठीमागे पळतेय. हे तिने पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं?

२९ जानेवारी

विचार करतोय. पानं : शून्य.

३० जानेवारी

सर्व बाजूंनी विचार करून कुटुंबप्रमुख या नात्याने निर्णय घेतला. वर ओटा. प्रायोगिक तत्त्वावर.

कोणाला न सांगता हिंदुरावला फोन लावला. म्हटलं, अर्जंट आहे, उद्याच माप घ्यायला ये. तो म्हणाला, साहेब, माप वहिनींनी दिवाळीतच दिलंय. दगडपण कापून ठेवलाय माझ्याकडे. तुमच्याच फोनची वाट बघत होतो. वहिनी म्हणाल्या होत्या, साहेब स्वतःहून फोन करतील.

द्रौपदी स्वयंपाकघरात गुणगुणत होती. वॉशिंग मशीनबद्दल विचारायचं मी टाळलं.

३१ जानेवारी, शनिवार

टोकन दिलं नाही. माया खाली आली. उगाच माझ्या खुर्चीवरची धूळ झटकली. शेवटी म्हणाली, पप्पा, ओट्याची उंची किती ठेवू? मी कागद काढून वाचून दाखवलं : तेहतीस इंच, ग्रॅनाइट काळा, सिंक उजव्या हाताला. हसली, पदराने डोळे पुसले. साडी नेसली होती आज, का कोण जाणे.

कुठलीही पाहणी वाया जात नाही. हे पेपरात टाकणे.

८ फेब्रुवारी

वर ठोकाठोकी. लिखाण अशक्य. पेपर सहा दिवसांवर आलाय आणि घरात सिमेंट. आता कुणीही सांगावं की दिरंगाई माझी होती!

१२ फेब्रुवारी

दुकान बंद ठेवून लिहायला बसलो. पेपर झाला! ऋणनिर्देश तीन पानं, प्रस्तावना दोन, कुकर-पद्धत एक, निष्कर्ष अर्धं. टाइप मोठा ठेवलाय, वाचायला सोपा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चर्चासत्र. नवा सफारी. प्रत्येकाला दहा मिनिटं. ऋणनिर्देशात परसरामपर्यंत पोहोचलो आणि पहिली घंटा झाली. प्रस्तावना गाळली. कुकरच्या शिट्ट्या तोंडाने काढून दाखवल्या. जुन्या रिंगवाल्याला टाळ्या पडल्या. मग कुटुंब क्र. १ : चूल एक, प्रमुख कर्तबगार. दुसरी घंटा.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एकाने विचारलं, सर, हे कुटुंब अजून एकत्र आहे का? मी म्हणालो, हो. मग म्हणालो, म्हणजे राहतं एकत्र. मग म्हणालो, माहिती अद्ययावत करणं चालू आहे. मॅडम खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या, खांदे हलत होते. बाहेर आल्यावर म्हणाल्या, भगवानराव, पेपर राहू द्या, शिट्ट्या छान होत्या. आणि मग, घरी सगळे बरे आहेत ना? म्हटलं, बरे आहेत मॅडम. कुणी गेलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी

साडेसातच्या सुमाराला खुर्चीत बसलो होतो. वरून शिट्टी. आमचा कुकर फुसफुसून ओरडतो. ही एकदम तोंड उघडणारी. नवी रिंग. दुसरा गळा.

नोंद : कुटुंबं दोन. सदस्य प्रत्येकी दोन. सरासरी दोन. बदलापूरइतकीच.

थोड्या वेळाने माया जिना उतरून आली. हातात वाटी, त्यात गरम वांग्याची भाजी. पहिल्या दिवसाची, म्हणाली, जरा करपलीय, काही बोलू नका. तोंडापर्यंत आलं होतं. द्रौपदी माझ्याकडे बघत होती. भाजी खाल्ली. चांगली होती. मीठ, असो.

आज आम्ही आठलाच जेवलो. दोघंच. ओट्यावर कुणाचं ताट झाकून ठेवायचं नव्हतं. द्रौपदीने वाटी घासून पुसली आणि तिच्यात रव्याचे दोन लाडू ठेवून माझ्यापुढे धरली. वर देऊन या म्हणाली. मी म्हणालो, अगं आपलीच वाटी आहे, राहू दे इथेच, आपल्याच घरातली. तिने हात आणखी पुढे केला. वाटी घेतली.

जिना मीच बांधलाय. पायरीन् पायरी माझ्या हिशोबाने. वरचं दार मात्र कधी वाजवलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती, हाक मारली की माणसं खाली यायची. आज वाजवलं. आत भांडी, पाण्याचा आवाज, दोघांचं हसणं. आवाजात तो सूर नव्हता.

मायाने आतून विचारलं, कोण?

म्हटलं, खालचे.